शेतरानात फिरणाऱ्या वाहनाचा रेडिएटर मागे बसविणे
केव्हा, कशासाठी व कोणत्या रीतीने

जीपसारखे चारही चाकांना गती देणारे वाहन आपल्या ग्रामीण भागास नवे नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला आणि विकास गटाची जीप खेड्यापाड्यांतून फिरू लागली. पुढे अशा प्रकारची जुनी वाहने शेतकऱ्यांच्या हाती आली. पाणंदीतून, नांगरटीतून आणि ओढ्याच्या पात्रातून खताची पोती, दुधाचे कॅन व फवारणीची सामग्री नेण्याच्या कामी ती आजही उपयोगी पडतात.

अशा वाहनाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे पुढच्या बाजूस बसविलेला रेडिएटर होय. काळ्या जमिनीचा चिखल, गवताचे तुरे, पाचट व काट्याकुट्या यांचा पहिला मारा त्याच्यावरच होतो. जाळी बुजली म्हणजे इंजिन तापते. एखादी नळी फुटली म्हणजे पाणी वाहून जाते. ऐन पेरणीच्या दिवसांत इंजिनाचे हेड तडकले तर दुरुस्तीचा खर्च सोसावा लागतो तो वेगळाच, परंतु वाफशाचे हातचे चार दिवस गेले म्हणजे ते परत मिळत नाहीत.

या त्रासावरील उपाय म्हणून रेडिएटर पुढून काढून वाहनाच्या मागच्या भागात बसविण्याची कल्पना पुष्कळांस आकर्षक वाटते. ही कल्पना चुकीची नाही. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया येथे १९६७ पासून वाळवंटातील मोटारींची मोठी शर्यत होत आली आहे. अशा शर्यतींतील मोठ्या गाड्यांचे रेडिएटर बहुधा चालकाच्या कक्षाच्या मागे बसविलेले असतात. तथापि, तेथे हे काम पूर्ण योजना आखून केलेले असते. नुसता रेडिएटर उचलून मागे ठेवला व दोन लांब होज पाइप जोडले, एवढ्याने काम भागत नाही. पूर्वी कधीमधी तापणारे इंजिन त्यामुळे रोज तापू लागण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाचा क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

इंजिनात किती उष्णता निर्माण होते?

एक लिटर डिझेल जळाले म्हणजे विजेच्या सुमारे १० युनिटांइतकी उष्णता बाहेर पडते. तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. दुसरा मोठा हिस्सा धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला, म्हणजे पाव ते एक तृतीयांश भाग, इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यास घ्यावा लागतो. सिलिंडरमधील जळत्या वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तर ॲल्युमिनियम हा धातू सुमारे ६६० अंशांवर वितळतो. पाण्याचे अभिसरण व्यवस्थित चालू आहे म्हणूनच पिस्टन व हेड शाबूत राहतात.

एक उदाहरण घेऊ. सुमारे ४० अश्वशक्तीचे, म्हणजे ३० किलोवॅटचे डिझेल इंजिन पूर्ण भाराने चालत असता तासाला साधारण ९ लिटर डिझेल जाळते. त्या वेळी पाण्यात जाणारी उष्णता जास्तीत जास्त ३० किलोवॅटच्या घरात असते. पाणी तापविण्याचे २ किलोवॅटचे १५ हीटर एकाच वेळी चालू ठेवावेत, तेवढी ही उष्णता होय. ती हवेत सोडून देण्यासाठी दोन गोष्टी लागतात :

पहिली, पाण्याचा प्रवाह. रेडिएटरमधून जाताना पाणी ६ अंशांनी निवते असे धरले, तर मिनिटाला सुमारे ७० लिटर पाणी फिरत राहिले पाहिजे.

दुसरी, हवेचा प्रवाह. जाळीतून जाताना हवा २५ अंशांनी तापते असे धरले, तर दर सेकंदास सुमारे १ घनमीटर हवा जाळीतून गेली पाहिजे.

हे दोन आकडे नीट लक्षात ठेवावेत. रेडिएटर पुढे असो वा मागे, ही गरज तसूभरही कमी होत नाही.

रेडिएटरच्या जागेचा खरा नियम

रेडिएटर पुढेच असला पाहिजे, असा यंत्रशास्त्राचा नियम नाही. त्यास थंड व स्वच्छ हवा मिळाली पाहिजे आणि तापलेली हवा निघून जाण्यास वाट असली पाहिजे, एवढाच खरा नियम आहे. मोटारीत तो पुढे असतो, कारण धावत्या गाडीवर समोरून येणारा वारा तेथे फुकट मिळतो. १९५५ साली निघालेल्या फियाट ६०० या मोटारीचे इंजिन मागे होते आणि त्याच्याजवळच रेडिएटरही मागे बसविलेला होता.

शेतीच्या यंत्रांतही याची उदाहरणे आहेत. ट्रॅक्टर नांगरट करताना ताशी चार-पाच किलोमीटरच चालतो. त्यास समोरच्या वाऱ्याचा लाभ जवळजवळ मिळतच नाही. तेथे सर्व काम पंखाच करतो. स्वयंचलित कापणी-मळणी यंत्रात तर समोर कापणीचा भाग असल्याने पुढे भुसा उडत असतो. म्हणून त्याचा रेडिएटर इंजिनाजवळ, उंचावर व बाजूस बसवितात आणि पुष्कळ यंत्रांत त्यावर भुसा अडविणारी फिरती चाळणी लावलेली असते.

यावरून दोन बोध मिळतात. वाऱ्याच्या मदतीवाचून रेडिएटर काम करू शकतो. परंतु मग पंखा समर्थ असला पाहिजे. आणि जागा बदलली तरी भुशापासून व धुळीपासून बचाव करण्याची वेगळी तजवीज करावीच लागते.

मागे नेण्याने काय साधते, काय गमवावे लागते?

मागे नेण्याचे लाभ असे आहेत. समोरून होणारा दगड, खुंट व काट्यांचा आघात टळतो. ओढा ओलांडताना पाणी पंख्याच्या पात्यांवर येऊन पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरची जाळी कापली जाते, हा सर्वपरिचित अपघात टळतो. पुढे जागा मोकळी होऊन पट्टा व पंप यांची दुरुस्ती सुलभ होते.

याची किंमतही लहान नाही. समोरचा वारा जातो. नळ लांब होतात, सांधे वाढतात आणि प्रत्येक सांधा ही गळतीची एक नवी जागा असते. विजेवर चालणारे पंखे लावावे लागतात. माल ठेवण्याची जागा कमी होते. उकळते पाणी माणसे बसतात त्या भागाजवळून न्यावे लागते. शिवाय धावत्या वाहनाच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होऊन चाकांची धूळ तेथे ओढली जाते. तेव्हा मागे हवा स्वच्छच असते, ही समजूत खरी नव्हे.

सारांश, रेडिएटर मागे नेणे हा चिखल व आघात यांपासून बचावाचा उपाय आहे; तापणाऱ्या इंजिनावरील औषध नव्हे. ज्याचे इंजिन पुढच्या रेडिएटरवरही सदैव तापते, त्याने आधी मूळ दोष शोधावा.

प्रथम करावयाची तपासणी

पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. इंजिन तापण्याची बहुतेक कारणे येथेच सापडतात.

(१) जाळीची बाहेरची बाजू : पाचट, गवताचे बी, किडे व चिखल साचला आहे काय? इंजिन निवल्यावर इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने बेताच्या दाबाने पाणी मारावे. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात व हवेची वाट कायमची बंद होते.

(२) जाळीची आतली बाजू : विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वर्षानुवर्षे वापरल्यास नळ्यांत क्षाराचा थर बसतो. तो उष्णता अडवितो. जाळीचा काही भाग गरम व काही भाग थंड लागला, तर तेथील नळ्या बुजल्या आहेत असे समजावे.

(३) पट्टा व पंप : पट्टा ढिला असल्यास पंप व पंखा दोन्ही मंद फिरतात.

(४) थर्मोस्टॅट : तो अडकला असल्यास बदलावा, मात्र काढून टाकू नये. आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा प्रघात पडला आहे, तो अपायकारक आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानास उशिरा पोचते, इंधन जास्त जळते व सिलिंडर झिजतो. काही इंजिनांत तर तो काढल्याने आडवाट उघडी राहून बरेचसे पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरते.

(५) दाबाचे झाकण : पाण्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५ किलोग्रॅम दाब ठेवणाऱ्या झाकणामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते, ०.९ किलोग्रॅमच्या झाकणाने सुमारे ११८ ते १२० अंशांवर उकळते. रबर झिजलेले झाकण हा लाभ घालविते. परंतु जुन्या रेडिएटरवर ठरल्यापेक्षा अधिक दाबाचे झाकण बसवू नये. डागाचे सांधे सुटतात.

(६) हेड गॅस्केट : गार इंजिन झाकण उघडे ठेवून चालू केले असता पाण्यातून सतत बुडबुडे येत असतील, तर जळालेले वायू पाण्यात शिरत असण्याचा संभव आहे. असा दोष रेडिएटर कोठेही हलविला तरी जाणार नाही.

याशिवाय एक मधला मार्गही आहे. रेडिएटर पुढेच ठेवून त्याच्यापुढे काही अंतरावर सहज काढता येईल अशी तारेची जाळी बसवावी व खालून मजबूत पत्र्याचे संरक्षण द्यावे. ओढा ओलांडण्यापूर्वी पुढून ताडपत्री बांधावी व पलीकडे गेल्याबरोबर ती काढावी. पुष्कळ शेतकऱ्यांचे काम एवढ्याने भागते. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर रेडिएटर जागचा हलवू नये, हेच योग्य होय. ट्रॅक्टरचा पंखा, पत्र्याचे कडे व जाळी यांची योजना त्या जागेसाठीच केलेली असते.

मागील जागेची निवड

तपासणीनंतरही मागे नेण्याचेच ठरले, तर सर्वांत प्रथम हवेची वाट आखावी. नळांचा विचार त्यानंतर करावा.

रेडिएटर चालकाच्या कक्षामागे, मागच्या चाकांच्या वर व शक्य तितक्या उंचीवर बसवावा. चाकांनी उडविलेला चिखल लागू नये म्हणून खाली व बाजूस पत्रा असावा. धुराचा नळ रेडिएटरकडे तोंड करून नसावा. हवा वरून किंवा बाजूने यावी व मागे निघून जावी. निघालेली गरम हवा वळून पुन्हा जाळीत शिरणार नाही, हे विशेष पाहावे. जाळीच्या कडेने राहिलेल्या फटी रबराच्या पट्टीने व पत्र्याने बुजवाव्यात. फट राहिली तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी सोप्या वाटेने तीच ती हवा फिरवीत राहतो.

जाळीचे क्षेत्रफळ मूळ रेडिएटरपेक्षा कमी नसावे. शक्य तर अधिक असावे, कारण समोरच्या वाऱ्याची मदत आता नाही. रेडिएटर अंगाला वितळजोड करून बसवू नये. खडबडीत रानात वाहनाची चौकट पीळ खाते आणि तो पीळ रेडिएटरमध्ये उतरला तर नळ्यांचे सांधे उकलतात. म्हणून त्यास वेगळी चौकट करून ती रबराच्या गाद्यांवर, शक्यतो तीन ठिकाणी टेकवावी.

शेतीच्या वाहनाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण मागच्या भागात कडब्याच्या पेंढ्या, पोती व गवताचे भारे लादतो. भारा जाळीला टेकला की हवा बंद झालीच. म्हणून रेडिएटरच्या दोन्ही बाजूंस लोखंडी सळ्यांचा कठडा असावा आणि त्याच्या आत काहीही ठेवू नये, अशी घरातील सर्वांस सक्त ताकीद द्यावी. ज्याला मागची संपूर्ण जागा मालासाठी हवी आहे, त्याने या फंदात न पडणेच बरे.

नळांची मांडणी

इंजिनापासून मागे जाणारा व मागून परत येणारा असे दोन नळ लागतात. प्रत्येकी ३ मीटर धरल्यास ६ मीटर नळ होतो. आतील व्यास ३८ मिलिमीटर असेल तर त्यात सुमारे ७ लिटर जास्त पाणी मावते.

व्यासाच्या बाबतीत काटकसर करू नये. ३८ ऐवजी २५ मिलिमीटर व्यासाचा नळ घातल्यास तेवढेच पाणी नेण्यास सुमारे आठपट विरोध होतो. इंजिनाचा पंप त्यापुढे हतबल होतो आणि प्रवाह घटतो. नळाचा व्यास इंजिनाच्या मूळ तोंडाइतका असावा, त्याहून कमी कदापि नसावा. काटकोनी वळणे टाळून मोठ्या घेराची वळणे द्यावीत.

पूर्ण लांबीचा रबरी होज वापरू नये. तो उष्णतेने मऊ पडतो, खाली झोळ घेतो आणि पंपाच्या ओढीने चपटतो. सरळ भागात धातूचा नळ वापरून केवळ दोन्ही टोकांस रबरी तुकडे जोडावेत. इंजिन आपल्या रबरी गाद्यांवर हलत असते, म्हणून इंजिनाकडील तुकडा लवचीक असणे आवश्यक आहे. धातूच्या नळाच्या टोकांना उंचवटा काढून घ्यावा, म्हणजे क्लिप आवळल्यावर होज निसटत नाही.

नळ धुराच्या नळापासून, फिरत्या दांड्यापासून, तसेच इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्यांपासून दूर असावेत. त्यांना दर थोड्या अंतरावर रबर घालून पकडी द्याव्यात. घासून पडलेले छिद्र रानात लवकर दिसत नाही. नळ माणसे बसतात त्या भागातून नेऊ नयेत. बाहेरून, चौकटीच्या कडेने व पत्र्याच्या आच्छादनाखालून न्यावेत. ९० अंशांच्या पाण्याची पिचकारी अंगावर उडाल्यास जीवघेणी इजा होऊ शकते.

अडकलेली हवा : अपयशाचे मुख्य कारण

हे काम फसण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे नळात अडकलेली हवा. पुढचा रेडिएटर इंजिनाजवळ असल्याने हवा आपोआप झाकणाकडे चढते. मागे नेल्यावर नळ कोठे वर चढतो, कोठे खाली उतरतो. प्रत्येक उंचवट्यावर हवेचा कप्पा राहतो आणि तो पाण्याचा प्रवाह रोखतो. हेडमध्ये हवा अडकली तर तेथील धातूस पाणी लागत नाही व तडा जातो.

यावर उपाय असा. इंजिन व रेडिएटर या दोहोंपेक्षा उंच जागी एक लहान टाकी बसवावी. दाबाचे झाकण याच टाकीवर असावे, अन्यत्र नसावे. इंजिनाच्या सर्वोच्च बिंदूपासून व रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यापासून ६ ते ८ मिलिमीटरच्या बारीक नळ्या सतत चढत या टाकीत आणाव्यात. त्यांतून हवा व वाफ निघून जाईल. टाकीच्या तळापासून एक जाडसर नळी पंपाच्या ओढीच्या बाजूस जोडावी. त्यामुळे पंपास कधी पाण्याचा तुटवडा पडत नाही. टाकी दोनतृतीयांशच भरावी. उरलेली जागा तापल्यावर फुगणाऱ्या पाण्यासाठी राखावी. नळास जेथे उंचवटा टाळता येत नाही, तेथे हवा सोडण्याचा स्क्रू बसवावा.

पाणी भरताना वाहन सपाट जागी उभे करावे, सर्व स्क्रू उघडावेत व सावकाश भरावे. ज्या स्क्रूतून बुडबुड्यांवाचून पाणी येऊ लागेल तो बंद करीत जावे. मग इंजिन मंद चालवावे, होज हाताने दाबून हवा पुढे सरकवावी आणि थर्मोस्टॅट उघडून मागचा नळ गरम होईपर्यंत पातळीवर लक्ष ठेवावे. इंजिन पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी. पहिले काही दिवस ही तपासणी रोज सकाळी करावी.

पंखे व वीज

सेकंदाला १ घनमीटर हवा हवी, म्हणजे तासाला ३,६०० घनमीटर झाली. पंख्यावर छापलेला आकडा बहुधा मोकळ्या हवेतील असतो. जाळीच्या विरोधापुढे प्रत्यक्ष हवा कमी मिळते. म्हणून पंखा हिशेबापेक्षा मोठा घ्यावा. एका मोठ्या पंख्यापेक्षा दोन पंखे बरे. एक बंद पडला तर दुसऱ्याच्या आधारे हळूहळू घर गाठता येते. पंखे पत्र्याच्या कड्यात बसवावेत, म्हणजे हवा जाळीच्या सर्व भागांतून ओढली जाते.

समजा, १२ व्होल्टचा प्रत्येक पंखा १५ अँपिअर घेतो. दोन पंख्यांचे ३० अँपिअर आणि दिव्यांचे ९-१० अँपिअर मिळून ४० अँपिअर होतात. जुन्या डायनॅमोस हा भार बहुधा झेपत नाही. मंद गतीत तर मुळीच नाही. पुरेशा क्षमतेचा अल्टरनेटर बसविल्यावाचून पंखे लावल्यास बॅटरी उतरते, पंखे मंदावतात व इंजिन तापते. प्रत्येक पंख्यास वेगळा रिले, वेगळा फ्यूज व किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असावी. पंखा आपोआप चालू होण्याची योजना असली तरी चालकाजवळ हाताने चालू-बंद करण्याचे बटणही असावे. पाण्यातून जाताना पंखे खालपर्यंत भिजण्याचा संभव असेल तर तेवढ्यापुरते बंद करावेत.

पाण्याचे तापमान मोजणारा भाग इंजिनाच्या हेडवरच ठेवावा. मागच्या नळात बसवू नये. नळ फुटून पाणी गेले की मागचा काटा खाली उतरतो आणि इंजिन आतून जळत असता चालक निर्धास्त राहतो. टाकीतील पातळी खाली गेल्याची सूचना देणारा दिवा लावता आला तर उत्तम.

कोणते पाणी भरावे?

जड पाणी वापरू नये. शुद्ध केलेले पाणी व निर्मात्याने सांगितलेले शीतक द्रव्य योग्य प्रमाणात मिसळावे. या द्रव्याने गंज व क्षार यांस आळा बसतो; नळांत लोखंड, पितळ व ॲल्युमिनियम असे निरनिराळे धातू एकत्र आल्यावर तर त्याची विशेष गरज असते. मात्र निम्मे ग्लायकॉल मिसळलेला द्रव नुसत्या पाण्यापेक्षा थोडी कमी उष्णता वाहून नेतो. म्हणून प्रमाण उगाच वाढवू नये.

इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. काढलेला द्रव उघड्या घमेल्यात ठेवल्यास किंवा गोठ्याजवळ ओतल्यास गुरे व कुत्री तो पितात आणि दगावतात. तो झाकणाच्या डब्यात भरावा व मुलांपासून दूर ठेवावा. विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये.

चाचणीची पद्धत

हिवाळ्यातील सकाळी चाचणी घेऊन समाधान मानू नये. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर पाण्याचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त राहते. भार तोच असेल तर हा फरक जवळजवळ कायम असतो. समजा, हवा ३० अंश असताना चढावर कमी गिअरमध्ये पूर्ण भाराने चालविल्यावर काटा ९२ अंशांवर स्थिरावला. फरक ६२ अंशांचा झाला. चंद्रपूर-नागपूर भागात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली म्हणजे तेच इंजिन १०७ अंशांवर जाईल. झाकण ०.५ किलोग्रॅमचे असेल तर ही मर्यादा फारच जवळ आली. अशा वेळी जाळी मोठी करावी वा हवा वाढवावी, मगच वाहन कामास लावावे.

उंचीचाही विचार करावा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीस पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. घाटमाथ्यावर भार जास्त व उत्कलनबिंदू कमी, असा दुहेरी ताण पडतो.

पहिल्या चाचणीत गावापासून दूर जाऊ नये. दर दहा मिनिटांनी थांबून सांधे, क्लिपा व पकडी पाहाव्यात. इंजिन एकदा पूर्ण तापून निवल्यावर सर्व क्लिपा पुन्हा आवळाव्यात.

इंजिन तापलेच तर?

भार काढावा, वाहन सावलीस थांबवावे आणि पाणी गेलेले नसेल तर इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवावे. पाणी गेले असल्यास तत्काळ बंद करावे. गरम असताना झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच पाण्याची वाफ होऊन चेहरा व हात भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. हात लावण्याइतके निवल्यावर, झाकणावर जाड कापड ठेवून व ते सावकाश फिरवून दाब जाऊ द्यावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा फेरफार वाहनमालकास करता येत नाही. तेव्हा रस्त्यावर चालणाऱ्या वाहनात असा बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीस कळवावे. हमीची मुदत चालू असलेल्या वाहनास हात लावू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्यास सल्ला देताना पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत :

१. वाहन तापते म्हणून बदल हवा, की चिखल व आघातामुळे जाळी वारंवार निकामी होते म्हणून हवा? पहिले कारण असेल तर मूळ दोष शोधण्यास सांगावे.
२. तारेची जाळी, खालचे संरक्षण व ताडपत्री एवढ्याने भागेल काय?
३. मागची जागा मालासाठी व माणसांसाठी लागते काय?
४. सेकंदाला किती हवा लागेल, ती कोठून येईल व कोठे जाईल, हे कागदावर काढले आहे काय?
५. नळाचा व्यास इंजिनाच्या मूळ तोंडाइतका आहे काय? सर्वांत उंच जागी टाकी आहे काय?
६. अल्टरनेटर पंख्यांचा भार सोसेल काय?
७. परिवहन कार्यालयाकडे विचारणा झाली आहे काय?

या सातही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच माहितगार कारागिराकडून काम करवून घेण्यास सांगावे. आणि तेही पेरणीच्या किंवा सुगीच्या तोंडावर नव्हे, तर काम नसलेल्या दिवसांत. एकाही प्रश्नाचे उत्तर अडले, तर रेडिएटर आहे तेथेच राहू द्यावा आणि आठवड्यातून एकदा तो स्वच्छ धुण्याचा परिपाठ ठेवावा.